कोर्टाच्या फीची भीती आणि गप्प बसण्याची किंमत

"कोर्टात जाचं म्हणजे पैसा लागते न बाई, अन् तोच तर नाही!" बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत काय किंवा जुन्या वस्तीत काय, असं म्हणणारी एखादी तरी शेजारीण भेटतेच. नवऱ्याचा धंदा बुडालेला, कर्जवाले दाराशी, घरात रोजची भांडणं. शेवटी ती पोरांना घेऊन माहेरी येते. पोटगी मागायची तर आधी कोर्टाची फी, मग वकील. या हिशेबातच दोन वर्षं निघून जातात.

मैत्रिणींनो, हा हिशेबच चुकलेला आहे. महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. २००० साली एवढाच खुलासा झाला, की मालमत्तेचा वाद वैवाहिक संबंधातून आलेला असावा. म्हणजे माहेरच्या शेतीच्या वाटणीला ही माफी लागू नाही.

राहिला वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिला उत्पन्नाची अट नाही. अमरावतीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. असा वकील पैसे मागू लागला, तर तिथेच तक्रार करायची.

"पण त्याच्याजवळच काही उरलं नाही, तर देईल काय?" हा प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात दोघांनीही मिळकत, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावीत असं ठरवून दिलं. त्यामुळे 'मी बुडालो' असं नुसतं तोंडी म्हणून भागत नाही. १० डिसेंबर २०२४ ला याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं: थकलेल्या पोटगीचा हक्क बँकेसारख्या कर्ज देणाऱ्यांच्याही आधी. अर्थात मालमत्ताच नसेल, तर हातात लवकर काही पडणार नाही, हेही खरं. आणि त्याच्या कर्जाच्या कागदावर तुमची सही नसेल, तर केवळ बायको म्हणून ते कर्ज तुमच्या डोक्यावर येत नाही. म्हणूनच न वाचता सही करू नका.

२०२० च्या त्याच निकालातली आणखी एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवावी अशी आहे. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची. म्हणजे फीच्या भीतीने गप्प बसलेली दोन वर्षं ही दोन वर्षांची बुडालेली पोटगी! जी फी भरायचीच नव्हती, तिच्या धास्तीने पोरांच्या शाळेचा, दुधाचा पैसा गेला.

सवलत आपणहून दार ठोठावत नाही. तेव्हा अशी शेजारीण भेटली, तर नुसतं "सोस बाई" म्हणू नका. तिच्यासोबत एकदा अमरावतीला जाऊन या.