खोट्या आकड्याची किंमत

सोलापूरच्या बिडी कामगार बाईला खोटी नोंद म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पाने कमी तोलून द्यायची आणि बिड्या मात्र पुऱ्या हजार मागायच्या. पाने कमी पडली तर तिने पदरच्या पैशाने आणायची. वर चांगल्या बिड्यांतून छाट काढून तेवढी मजुरी कापायची. बिडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, तरी ही तक्रार संपली नाही. कारण काम तिच्या हातात असले तरी तराजू आणि वही दुसऱ्याच्या हातात असते.

परकीय चलन, आयात-निर्यात हे शब्द निघाले की आपल्या बैठकांत बायका गप्प होतात. हा विषय शिकलेल्यांचा, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की हा विषय त्या तराजूचा आणि वहीचाच आहे, फक्त वही बंदरावर लिहिली जाते.

समजा, एका व्यापाऱ्याने शंभर डॉलरचे टॉवेल परदेशी विकले आणि बिलावर ऐंशीच लिहिले. वरचे वीस डॉलर गिऱ्हाईक त्याच्या परदेशातल्या खात्यात भरते. किंवा शंभर डॉलरचा यंत्रमाग आणला आणि बिल एकशेतीसचे दाखवले, तर वरचे तीस बँकेमार्फत, राजरोस बाहेर जातात. माल खरा, जहाज खरे, फक्त आकडा खोटा. उलटेही होते. सीमाशुल्क वाचवायला आयातीची किंमत कमी लिहितात, आणि निर्यातीवर सरकार सवलत देत असेल तर ती लाटायला किंमत फुगवतात.

हे का होते? नुसती हाव म्हणून सोडून दिले तर उत्तर अर्धेच राहते. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याने परकीय चलनावर कडक बंधने आली. रुपयाचा सरकारी भाव एक आणि चोरबाजारातला वेगळा. १९७३-७४ साली सर्वांत वरच्या उत्पन्नावर आयकर पावणेअठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत गेला होता. दोन भावांत जेवढे अंतर, तेवढा खोट्या बिलात नफा.

त्यात भीतीची भर पडते. १९९१ च्या पहिल्या सहा महिन्यांत रुपया पडणार अशी कुणकुण होती. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली. निर्यातदाराला परदेशातले पैसे आणायला उशीर करण्यात फायदा होता, तर आयातदाराला देणे लवकर चुकवण्यात. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि डॉलर सुमारे एकवीस रुपयांवरून सव्वीसच्या घरात गेला. ज्याने डॉलर बाहेर ठेवला होता, त्याला काही न करता प्रत्येक डॉलरमागे चार-पाच रुपये सुटले.

आणि देशाने काय केले? मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत वीस टन सोने बाहेर गेले, जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे सत्तेचाळीस टन गहाण ठेवले. घरातल्या कर्त्याने पैसा बाहेर उडवावा आणि बाईने गळ्यातले सावकाराकडे ठेवावे, तसेच हे झाले.

मग बंधने उठवली की प्रश्न सुटतो, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी रशियाकडे पाहावे. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ मोडला आणि १९९२ च्या जानेवारीत बहुतेक किमती एकदम मोकळ्या केल्या गेल्या, पण तेलाचा देशातला भाव जागतिक भावापेक्षा फारच खाली राहिला. ज्याच्या हाती निर्यातीचा परवाना, त्याने आत स्वस्त घेतले, बाहेर महाग विकले आणि फरक बाहेरच ठेवला. काल मिळालेली मालमत्ता उद्या टिकेल याची खात्री नाही, बँकांवर विश्वास नाही, तेव्हा पैसा परत कोण आणणार? १९९८ च्या ऑगस्टमध्ये रूबल कोसळला. त्या वर्षांत कामगारांना महिनोन्‌महिने पगार नव्हते, कधी पगाराऐवजी कारखान्यातलाच माल हातात ठेवला जाई. कारखान्यांची पाळणाघरे बंद पडली. पाळणाघर बंद पडले की मूल कोणाच्या कडेवर येते, हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून ‘बंधने हवीत की नकोत’ हा वाद मला अपुरा वाटतो. खरा प्रश्न आहे: आकडा कोण तपासणार? तपासता येतो. मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९६४ साली तुर्कस्तानची आयात अशीच तपासली. तुर्कस्तानने लिहिलेला आकडा आणि माल पाठवणाऱ्या देशांनी लिहिलेला आकडा शेजारी शेजारी ठेवला. वाहतूक, विमा, मधली बंदरे यांमुळे थोडा फरक पडतोच. पण एकाच मालात, एकाच दिशेने, दरवर्षी मोठा फरक दिसला तर पाणी कुठे मुरते ते कळते.

याचा बिडीवाल्या बाईशी संबंध थेट आहे. १९७६ च्या कायद्याने बिडीवर कल्याण उपकर बसला होता. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत असे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. तिच्या नावाची वेगळी थैली उरली नाही, आता ती सरकारच्या सामायिक तिजोरीवर अवलंबून आहे. त्या तिजोरीला खोट्या बिलाने भोक पडले की ‘पैसा नाही’ हे उत्तर पहिल्यांदा तिला ऐकू येते. भांडवलाला पाय असतात, ते पळते. चूल, लेकरे आणि म्हातारी सासू सोडून ती कुठे पळणार?

तेव्हा आपल्या मागण्या दोन्ही टोकांना हव्यात. वर: आयात-निर्यातीचे आपले आणि समोरच्या देशाचे आकडे मालवार ताडून दरवर्षी जाहीर करा, निर्यात सवलतीपोटी कोणत्या उद्योगाला किती रक्कम गेली, ते जिल्हावार सांगा. २००५ चा माहितीचा अधिकार आपण रेशन दुकानापुरता वापरला, तो इथेही वापरून पाहू. खाली: पाने बाईच्या डोळ्यांदेखत तोला, छाटलेल्या बिड्या तिला परत द्या, आणि नोंद तिच्या स्वतःच्या वहीतही करा.

पुढच्या शिबिरात कायद्याच्या तासाबरोबर एक तास बिल वाचण्याचा ठेवावा, अशी माझी सूचना आहे. पानांचे वजन डोळ्यांनी ओळखणाऱ्या बाईला हा हिशोब जड जाणार नाही.