कोटीपोट आणि कचेरी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच तक्रार आहे. नवी प्रतिजैविके शोधू पाहणाऱ्यांना कत्तलखान्यातून बकऱ्याच्या कोटीपोटातील द्रव बाटलीभर मिळविण्यासाठी जे अर्ज करावे लागतात आणि जे हेलपाटे घालावे लागतात, त्यांपुढे प्रत्यक्ष संशोधनाचे श्रम क्षुल्लक वाटू लागले आहेत. जो पदार्थ रोज पहाटे गाड्या भरून उकिरड्यावर रवाना होतो आणि ज्याची कोणत्याही दप्तरी नोंद नाही, तोच संशोधकाने मागताच एकाएकी सरकारी ठेवा ठरतो. पशुसंवर्धनाची कचेरी नगरपालिकेकडे बोट दाखविते, नगरपालिका जैवविविधतेचा ना-हरकत दाखला मागते, आणि दाखला देणारे अधिकारी ‘विषय आमच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा मारून कागद परत पाठवितात. एका वाचकाला तर, हंगेट यांच्या पद्धतीने प्राणवायू घालवून बंद केलेली नळी ‘तपासणीसाठी उघडून दाखवा’ असे फर्माविण्यात आले! ती उघडली असती, तर आत तपासण्याजोगे काय उरले असते, हे आमच्या वाचकांना सांगणे नलगे.

वास्तविक २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये भारतीय संशोधकाला निव्वळ अभ्यासासाठी पूर्वमंजुरी लागत नाही. जैवविविधता प्राधिकरणाशी गाठ पडते ती संशोधनाचे फलित परदेशी हाती देताना किंवा पेटंटाच्या वेळी. हा भेद कारकुनाला ठाऊक नसल्यास समजू शकते. वरिष्ठांनी तो समजून घेण्याचा आळस करावा, हे मात्र अक्षम्य आहे. आणि हीच शासनव्यवस्था कोंबड्यांच्या खाद्यातून कोलिस्टिन हे प्रतिजैविक बिनदिक्कत विकू देत होती. त्याला मनाई करणारा हुकूम निघाला तो २०१९ साली, म्हणजे चीनमध्ये कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ जनुक उजेडात येऊन चार वर्षे लोटल्यावर.

त्याच २०१९ साली बोस्टनच्या किम लुईस यांच्या प्रयोगशाळेने सूत्रकृमीच्या आतड्यातील फोटोऱ्हॅब्डस जीवाणूपासून डॅरोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक मिळविले. ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्यपटलातील बॅम-ए प्रथिनावर आघात करणारे हे द्रव्य आतड्यात शोधण्यामागचा तर्क साधा होता: ज्या सहजीवीला यजमानाला अपाय न करता प्रतिस्पर्ध्यांना हटवावे लागते, त्याच्याजवळ आपल्या कामाचे शस्त्र असण्याचा संभव अधिक. त्या कुळातील सूत्रकृमी, हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका, हुमणीच्या बंदोबस्तासाठी आपल्याकडील ऊस उत्पादक कृषी सेवा केंद्रातून विकत आणून शेतात सोडतात, आणि या सूत्रकृमींच्या पोटात फोटोऱ्हॅब्डसच नांदत असतो. त्यासाठी कोणाच्याही दाखल्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मग आपल्यापैकी कितीजणांनी हे पाकीट प्रयोगशाळेत फोडले?

येथे दोष कचेरीचा नव्हे. निरोधवलयाचे छायाचित्र जोडून, सक्रिय द्रव्य जुनेच आहे की नवे याची वस्तुमान-वर्णपटाने साधी रुजवातही न करता लेख धाडणारे सभासद आमच्या परिचयाचे आहेत. आणि ज्या संवर्धावर प्रबंध लिहिला, तो फ्रीझर बंद पडून नष्ट झाल्याची कबुली देणारेही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीवसंग्रह हाकेच्या अंतरावर असता ही हेळसांड असह्य आहे. यापुढे संवर्धाचा जमा-क्रमांक नसलेला लेख आम्ही विचारात घेणार नाही. ज्यांचे अर्ज अडले असतील, त्यांनी शेऱ्यांसह सर्व कागदांच्या नकला महिनाअखेरीस आमच्याकडे धाडाव्यात. मंत्रालयात एकत्रित निवेदन द्यावयाचे आहे, आणि तोंडी गाऱ्हाण्यांची तेथे दखल घेतली जात नाही.