लग्न फादरांचं, संसार कुणाचा?

वसईतल्या सांडोरचं चर्च संत थॉमस यांच्या नावाचं. याच प्रेषिताला आपला मूळपुरुष मानणाऱ्या केरळातल्या ख्रिस्ती समाजात धर्मगुरू शतकानुशतकं संसार करत आणि मिस्साही अर्पण करत. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवून ती प्रथा मोडून काढली. वसई तेव्हा पोर्तुगिजांच्याच ताब्यात होती आणि इथल्या समाजाला धर्म मिळाला तो लॅटिन शिस्तीसकट. त्यामुळे फादर अविवाहितच असायचे, हे आपल्या मनात श्रद्धेच्या जागी जाऊन बसलं आहे. प्रत्यक्षात तो चर्चचा नियम आहे. लॅटिन चर्चनं धर्मगुरूंचं लग्न रद्दबातल ठरवलं ते ११३९ मध्ये. युक्रेन आणि लेबनॉनच्या कॅथलिक चर्चांमध्ये, पोपच्याच अधिकाराखाली, विवाहित पुरुषाला आजही धर्मगुरूची दीक्षा मिळते. संत पेत्राची सासू तर शुभवर्तमानातच भेटते.

ब्रह्मचर्य ऐच्छिक व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ही मागणी करणारे आपण हिशेब अर्धाच मांडतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी बिल्डर आणि गुंडगिरीविरुद्ध उभे राहिले. घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलं असताना तेवढी जोखीम किती जण घेतील? ब्रह्मचर्यानं वसईला काय दिलं, ते आधी मान्य करू.

दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. प्रोटेस्टंट पंथात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा संसार होता, आणि तो कसा चालला हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलं आहे. टिळक हातातलं देऊन टाकत, चूल पेटवायची लक्ष्मीबाईंनी. उद्या फादरांची बायको झालेल्या बाईला अर्ध्या रात्री दार उघडावं लागेल, गावाची दुःखं पोटात ठेवावी लागतील. तिच्या घरखर्चासाठी धर्मग्रामानं किती रक्कम बाजूला काढायची? तिनं स्वतःची नोकरी करायची की नाही, हे कोण ठरवणार? चर्चेत हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण बोलणारे बहुतेक पुरुषच असतात.

विवाहित पुरुषाला कायमस्वरूपी डीकन करताना पत्नीची संमती लागते, असं १९८३ची धर्मसंहिता सांगते. धर्मगुरूंसाठी दार उघडायचं असेल तर हीच अट तिथंही ठेवावी. आणि वसई धर्मप्रांतात यावर बोलणं सुरू होईल तेव्हा पहिली बैठक सांडोर, नंदाखाल, निर्मळच्या बायकांची घ्यावी.