लवचिकतेच्या नानाची टांग

मागच्या रविवारी मुलुंडला मावसबहिणीकडे गेले होते. चहा-पोहे झाले आणि मग 'कार्यक्रम' सुरू झाला. तिच्या आठ वर्षांच्या लेकीला हॉलच्या मधोमध उभं केलं. "मावशीला अंगठ्याचं दाखव." मुलीने अंगठा मागे नेऊन मनगटाला टेकवला. "आता कोपर." कोपर उलटं वळलं. मग जमिनीवर बसून पाय डब्ल्यूसारखे बाहेर, मग स्प्लिट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजी म्हणाली, "रबराची बाहुली आहे नुसती! जिम्नॅस्टिक्सला घाला हिला."

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. बहीण अजून रागावलेली आहे. म्हणून हे सगळं इथे लिहितेय, निदान वाचून तरी घेईल.

मंडळी, आपल्याकडे लवचिक असणं म्हणजे फिट असणं हे एक ब्रह्मवाक्य होऊन बसलंय. पायाचे अंगठे धरता आले की तब्येत ठणठणीत! माझे सांधेही त्या पोरीसारखेच. शाळेत पी.टी.च्या सरांनी कायम पहिल्या रांगेत उभं केलं, कॉलेजात पार्टी ट्रिक म्हणून हेच खपवलं. आणि सव्विसाव्या वर्षी घाटकोपरला, लोकलमधून उतरून मेट्रोच्या जिन्याकडे जाताना, मागून गर्दीचा लोंढा आला, खांद्यावरची लॅपटॉपची बॅग कुणाच्या तरी बॅगेत अडकली आणि खांदा निखळला. हिसका एवढा काही मोठा नव्हता. शेजारणीच्या खांद्याला तो कळलाही नसता.

पुढचं सहा महिन्यांचं रामायण थोडक्यात. एक्स-रे नॉर्मल. एमआरआय "फार काही नाही". एका डॉक्टरांनी स्ट्रेसचं कारण सांगितलं, आणि जिममधल्या ट्रेनरने "मॅडम, स्ट्रेचिंग कमी पडतंय" असं म्हणून माझा तोच हात पाठीमागे अजून चार बोटं ताणला. का? तर जात होता म्हणून! हात जातोय म्हणजे न्यायचाच, ह्या तर्काला काय म्हणावं? गॅलरीचा कठडा तुटलाय म्हणून कुणी अजून दोन पावलं पुढे जातं का?

आता थोडं इंजिनियरिंग. (चार वर्षं मेकॅनिकल शिकून जावा लिहिणाऱ्यांपैकी मी एक, त्यामुळे संधी मिळाली की सोडत नाही.) कुठलाही फिरणारा भाग ठरावीक कोनात थांबावा म्हणून त्याला हार्ड स्टॉप असतो. सांध्यात ते काम अस्थिबंध करतात, म्हणजे लिगामेंट्स. ते मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे बनतात. काही जणांचं हे कोलॅजेन जन्मतःच जास्त ताणलं जाणारं असतं, बहुतेकदा घराण्यातून आलेलं. स्टॉप उशिरा लागतो. तोवर सांध्याला जागेवर ठेवायचं काम स्नायूंवर पडतं आणि ते बिचारे दिवसभर ओव्हरटाइम करतात. संध्याकाळी "काहीही न करता" अंग का दुखतं त्याचं उत्तर इथे आहे. त्यात सांधा नेमका कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी यंत्रणाही अशा लोकांत बऱ्याचदा कमी अचूक असते. म्हणजे गुडघा मागे गेलाय हे आरशात दिसतं, पण आतून जाणवत नाही.

आणि ताण एका मर्यादेपलीकडे गेला की अस्थिबंध पूर्ववत होत नाही, लांबलेलाच राहतो. स्नायूचं तसं नाही, तो व्यायामाने घट्ट होतो. अस्थिबंधाला डंबेल्स उचलून आखूड करता येत नाही. "स्ट्रेच करून मोकळं वाटतं" म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे लिहून फ्रीजवर लावावं.

हे मोजायची पद्धत अगदी सोपी आहे. पीटर बेटन आणि सहकाऱ्यांनी 1973 साली दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांची पाहणी करताना वापरलेली. नऊ गुण. करंगळी मागे 90 अंशांच्या पलीकडे जाते का, अंगठा हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा 10 अंशांहून जास्त उलटे जातात का (हे चारही दोन्ही बाजूंना, म्हणजे आठ) आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का, तो नववा. मोठ्यांत पाच, वयात न आलेल्या मुलांत सहा आणि पन्नाशीनंतर चार गुण असले तर सांधे सैल समजतात. मला सात. गंमत म्हणजे ह्यात खांदा नाहीच! खुबाही नाही. म्हणजे ज्या सांध्याने माझा घात केला त्याला शून्य मार्क.

ही काही चार-दोन लोकांची गोष्ट नाही. बालसंधिवाततज्ज्ञ राजू खुबचंदानी आणि सहकाऱ्यांचा भारतीय मुलांवरचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून जास्त मुलं सैल सांध्यांची निघाली. म्हणून लगेच घाबरू नका. मुलं लवचिक असतातच, वयाबरोबर बरीचशी घट्ट होतात, आणि नुसते सैल सांधे म्हणजे आजार नव्हे. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. माझी भाची आजारी आहे असं मी म्हणत नाहीये (ताई, वाचतेयस ना?). माझं भांडण टाळ्यांशी आहे. आठ वर्षांच्या पोरीला दर रविवारी सांधा शेवटपर्यंत नेऊन तिथेच लोंबकळायची आपण प्रॅक्टिस देतोय आणि त्याला कौतुक म्हणतोय.

आता योगवाले अंगावर येणार, माहितेय. दर 21 जूनला ऑफिसच्या लॉनवर एचआर चटया टाकतं, कुणीतरी पाहुणे येतात आणि "अजून, अजून, थोडं अजून" सुरू होतं. जो जास्त वाकेल तो फोटोत. अहो, पतंजलींनी आसनाच्या व्याख्येत मागितलंय काय, तर स्थैर्य आणि सुख. वाकण्याचा त्यात उल्लेखही नाही! ज्या योग इन्स्टिट्यूटची सुरुवात श्री योगेंद्रांनी 1918 साली आपल्या वर्सोव्यात केली, ती तर घरसंसारातल्या साध्या माणसासाठीच होती. पुण्यात बी.के.एस. अय्यंगारांनी विटा, पट्टे, खुर्च्या आणल्या. हे सामान न वाकणाऱ्यांसाठी असं सगळ्यांना वाटतं. पण वीट तितकीच माझ्यासाठीही आहे. हात जमिनीपर्यंत जात असूनही तो विटेवरच थांबवायचा. माझ्या पहिल्या योगवर्गात मी वीट मागितली तर शिक्षिका हसल्या, "तुला कशाला गं?"

"मग मल्लखांबवाले कसे करतात?" हा पुढचा प्रश्न, दर वेळी. आपल्याला त्यांचं वाकणं दिसतं, पकड दिसत नाही. खांबावर उलट्या लटकलेल्या पोराच्या मांड्या आणि पोट काय ताकद लावत असतात ते बघा एकदा. ताकद आणि ताबा असेल तर लवचिकपणा हे वरदान आहे, कबूल. तो ताबा नसताना नुसतं वाकणं, म्हणजे ब्रेक न लावलेली हातगाडी.

दुसरं टोकही तितकंच चुकीचं. "तुझे सांधे नाजूक, व्यायाम बंद" असा सल्लाही मला मिळाला, तो मी चार महिने पाळला आणि अजून बिघडले. बसून राहिलं की स्नायू ढिले होतात आणि आमचे तर खांबच ते. डेन्मार्कमध्ये सैल खांद्याच्या 100 जणांवर प्रयोग झाला, 2022 साली प्रसिद्ध झालाय. 16 आठवडे निम्म्यांना हलका व्यायाम, निम्म्यांना देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने जड वजनं. जड वजनवाल्यांचे खांदे जास्त सुधारले. स्नायू दुखणं वगैरे त्यांना जास्त झालं, पण ते तात्पुरतं. 'देखरेखीखाली' हा शब्द मात्र पुसू नका.

मला शेवटी एक फिजिओथेरपिस्ट भेटल्या. त्यांनी पहिल्या दिवशी एकही स्ट्रेच दिला नाही. भिंतीला हात टेकून उभं केलं आणि म्हणाल्या, "कोपर पूर्ण सरळ करायचं नाही. सरळच्या अलीकडे थांब. आता तिथेच राहा." दहा सेकंदांत हात थरथरायला लागला! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या स्नायूंना काम मिळालं होतं. तेव्हापासून नियम तोच. सगळं हळू करायचं, शेवटच्या कोनाच्या अलीकडे थांबायचं, हात किंवा पाय कशाला तरी टेकलेला असला तर उत्तम, आणि बरं वाटलेल्या दिवशी दुप्पट करायचं नाही (ह्यात मी अजूनही नापास). बार धरून लोंबकळणं बंद. बोटं मोडणंही जवळपास बंद.

रोजच्या जगण्यात मात्र ह्याहून जास्त कटकट आहे. लोकलमध्ये वरचा हँडल धरून गुडघे मागे लॉक करून उभं राहायची सवय अर्ध्या मुंबईला आहे. माझ्यासारखीने गुडघे किंचित सैल ठेवायचे आणि कोपर शरीराजवळ राहील असा मधला खांब धरायचा. सकाळी पावणेनऊला खांब मिळाला तर! लॅपटॉप एका खांद्यावर नाही, दोन्ही पट्ट्यांनी. पलंगावर कोपरावर रेलून फोन बघणं, तेही गेलं.

आणि डॉक्टरांकडे कधी? सांधा पुन्हा पुन्हा निखळत असेल, कातडी फार ताणली जात असेल, जखमांचे व्रण कागदासारखे पातळ रुंद होत असतील, उभं राहिल्यावर सारखी भोवळ येत असेल, किंवा घरात कुणाची रक्तवाहिनी तरुणपणी अचानक फुटली असेल, तर हे ब्लॉगवर वाचून सोडू नका. एलर्स-डॅनलॉस नावाचा विकारांचा एक गट आहे. 2017 च्या वर्गीकरणात त्याचे 13 प्रकार दिलेत, त्यातले काही गंभीर. सर्वांत जास्त आढळणाऱ्या सैल-सांधे प्रकाराचं जनुक अजून सापडलेलं नाही, त्यामुळे त्याची रक्ततपासणी नाही. तो तपासूनच ठरवावा लागतो, आणि त्यासाठी डॉक्टरांनी आधी रुग्णाचा अंगठा वाकवून बघावा लागतो. माझ्या सहा महिन्यांत, तीन डॉक्टरांपैकी, एकानेही तो बघितला नव्हता.

असो. बहिणीला काल फोन केला होता. जिम्नॅस्टिक्सला घालणारच म्हणाली. घाल ना, मी कुठे नको म्हणतेय? फक्त सरांना विचार की पहिले सहा महिने काय शिकवणार, पकड आणि तोल, की स्प्लिट. ते काय म्हणतात ते कळलं की इथे लिहीन.