चहा गरम, इंजिन गार!

"या, या, तुम्ही येणार म्हणून गाडी गरम करूनच ठेवलीय!"

सेकंडहँड बाईक बघायला गेल्यावर हे वाक्य कानावर पडलं की काय बरं वाटतं! माणूस किती अगत्याचा, आपला वेळ वाचावा म्हणून बिचाऱ्याने आधीच गाडी सुरू करून ठेवली. माझ्या एका मित्रालाही असंच बरं वाटलं होतं. विकणारे काका त्याच्या बॉसच्या सोसायटीतले. पोहे झाले, चहा झाला, 'पोटच्या पोरासारखी सांभाळलीय' हेही ऐकून झालं. बटण दाबताच गाडी सुरू झाली, सोसायटीभोवती एक चक्कर झाली आणि आमच्या साहेबांनी जागच्या जागी टोकन देऊन टाकलं.

सोमवारी सकाळी नऊची मीटिंग आणि गाडी काही केल्या सुरू होईना. झाली तेव्हा मागे निळ्या धुराचा ढग. महिन्याभरात मेकॅनिकने निकाल दिला, "रिंग-पिस्टन गेलंय साहेब, इंजिन खोलावं लागेल." गोव्याच्या ट्रिपसाठी साठवलेले पैसे गॅरेजात गेले. आणि काका बॉसच्या सोसायटीतले, त्यामुळे जाब विचारायचीही सोय नाही!

काकांनी मुद्दाम फसवलं का? कोण जाणे. पण एक मात्र खरं, गार इंजिनाने पहिल्या दोन मिनिटांत जे सांगितलं असतं, ते गरम इंजिनाने लपवलं. म्हणून आजचा धडा एकच. सेकंडहँड बाईक बघायला जायच्या आदल्या दिवशी फोन करा आणि सरळ सांगा, "काका, सकाळी आठला येतो. मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका हं, प्लीज."

आधी हात, मग चावी

पोहोचल्यावर पहिलं काम, हाताची मागची बाजू इंजिनाजवळ न्या. ऊब लागली तर लगेच संशय घेऊ नका, काका दूध आणायला गेले असतील. पण मग तपासणी त्या दिवशी नाही, उद्या सकाळी.

इंजिन गार असेल तर चावी फिरवायच्या आधीच निम्मी परीक्षा होते. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा आणि ऑइल बघा. काही गाड्यांना काचेची छोटी खिडकी असते, काहींना डिपस्टिक. ऑइल काळं असेल तर घाबरू नका, ते बदलायला आलंय इतकंच. मात्र ते दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बोटावर चोळल्यावर चांदीसारखी चमचम दिसली तर आतले पार्ट झिजताहेत. आणि लेव्हल तळाला गेलेली असेल तर समजा, एक तर मालकाचं लक्ष नाही किंवा इंजिन ऑइल पितंय.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर आला. अशा पुरात बुडालेली गाडी वाळवून, पॉलिश करून नवीसारखी चमकवता येते. म्हणून 'गाडी कधी पाण्यात उभी होती का?' हा प्रश्न तोंडावर विचाराच.

आता सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवून बघा. कोरडी काजळी ठीक, चिकट तेलकट थर वाईट. मग सिलिंडर आणि हेडच्या जोडावर नजर टाका. तेलाचा ओघळ दिसतोय का? बोल्टच्या कडा घासलेल्या, जोडातून सीलंट बाहेर आलेलं असेल तर इंजिन आधी खोललेलं आहे. खोललं म्हणजे वाईट असं नाही, चांगल्या हातांनी खोललं असेल तर उलट बरंच. फक्त बिल मागा. आणि इंजिन कालच धुतल्यासारखं चकाचक असेल तर खूश होण्याआधी थांबा. धुतलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही. टेस्ट राइडनंतर तिथंच पुन्हा वाकून बघा.

किकवाली गाडी असेल तर इग्निशन बंद ठेवून किक हळूहळू दाबा. पायाला चांगला विरोध जाणवला पाहिजे. किक लोण्यासारखी खाली गेली तर कॉम्प्रेशन कमी आहे. किक नसेल तर टॉप गिअर टाकून गाडी पुढे ढकला, तो अडखळता विरोध हाताला कळतो.

धुराचे रंग

आता चावी फिरवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि त्यानंतरच्या बहुतेक सगळ्या बाईक फ्युएल इंजेक्शनवाल्या आहेत. त्यात चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागून गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय! जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल तर थंडीत चोक लागणं अगदी नॉर्मल आहे, त्यावरून नाक मुरडू नका.

एकाला मागे उभं करा. सुरू करताना निळ्या धुराचा एक झोत आला आणि थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. ॲक्सिलरेटर पिळल्यावर निळा धूर येतच राहिला तर रिंग-पिस्टन, म्हणजे मोठा खर्च. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. बऱ्याचदा एअर फिल्टर किंवा कार्बोरेटर साफ करून तो जातो. डिसेंबरच्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ मिनिटभरात नाहीशी होते, तिची काळजी नको. रेडिएटरवाल्या गाडीत पांढरा धूर थांबतच नसेल तर मात्र हेड गॅस्केटची शंका घ्या.

कान द्या

मोबाइल सायलेंटवर टाका आणि नुसतं ऐका. वरच्या बाजूला हलकी, एका लयीतली 'टिकटिक' ऐकू आली तर ती टॅपेटची. ॲडजस्ट होते, खर्च किरकोळ. सिलिंडरच्या एका बाजूने खडखड येत असेल तर टायमिंग चेन, मध्यम खर्च, तेवढी किंमत कमी करून मागा. आणि इंजिनाच्या पोटातून जड 'ठक-ठक' येत असेल, गाडीवर लोड आला की वाढत असेल, तर तो कनेक्टिंग रॉडचा बेअरिंग असू शकतो. तिथे घासाघीस करू नका. "विचार करून सांगतो," म्हणा आणि चालायला लागा.

गार परीक्षा झाली की गरम परीक्षाही घ्या, कारण काही दुखणी उलटी असतात. ऑइल गरम होऊन पातळ झालं की मगच आवाज सुरू होतात. निदान वीस मिनिटं चालवा, मागे कुणाला तरी बसवा आणि एखादा उड्डाणपूल चढा. वरच्या गिअरमध्ये पिळल्यावर इंजिन नुसतंच ओरडतंय आणि वेग वाढत नाही? क्लच प्लेट घसरतेय. परत आल्यावर सिग्नलला उभे असल्यासारखे थांबा. न्यूट्रल सहज सापडतो का? गाडी मरता मरता वाचते का? बंद करून लगेच पुन्हा सुरू होते का?

सगळं पास झालं तरी शेवटचं एक काम उरतं. इंजिनावर कोरलेला नंबर आरसीवरच्या नंबराशी अंक-अंक जुळवा. आणि मीटरवर १८,००० किलोमीटर असले तरी फुटरेस्टचं रबर, ब्रेक पेडल, हँडलच्या ग्रिप्स काय म्हणतात ते बघा. मीटर बदलता येतो, पण झिजलेलं रबर बदलायचं बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही.

'बरं दिसत नाही' ची किंमत

खरं सांगू का, यातलं निम्मं माझ्या मित्राला माहीत होतं. तरी त्याने काही तपासलं नाही. का? 'ओळखीतले आहेत रे, पोहे खाल्ल्यावर सायलेन्सरमध्ये बोट घालणं बरं दिसतं का?' आपण सत्तर रुपयांची कोथिंबीर-भाजी घेताना जुडी उलटसुलट करून बघतो आणि पन्नास हजारांच्या गाडीपुढे मात्र संकोचाने हात मागे घेतो!

संकोच वाटत असेल तर एक सोपी युक्ती आहे. आपला, रोजच्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. तो प्लग काढून बघेल. फिकट तपकिरी प्लग म्हणजे तब्येत ठणठणीत, तेलाने ओला काळा प्लग म्हणजे धोक्याची घंटा. वाकून, बोट घालून, कान लावून बघणं हा त्याचा धंदाच, त्यामुळे तुम्हाला चांगुलपणा सांभाळता येईल.

आणि ज्याने गाडी खरंच जपली आहे, त्याला तुमच्या तपासणीचा राग येत नाही. उलट तो सर्व्हिसची फाइल घेऊन शेजारी उभा राहतो आणि कधी काय बदललं ते हौसेने सांगतो. फोनवर 'गाडी सुरू करू नका' म्हटल्यावर जो 'बरोबर आहे, तसंच बघा' म्हणतो, त्याची गाडी आधी बघा. ज्याला ते लागतं, त्याची शेवटी.

काकांकडचा चहा जरूर घ्या. तो मात्र गरमच हवा!