खपली, खैऱ्या आणि फवारणीची घाई

लिंबूवर्गीय झाडाच्या पानावर खडबडीत फोड दिसला, की औषध दुकानाच्या काउंटरवर निदान मिनिटभरात होते: खैऱ्या आहे, कॉपर आणि स्ट्रेप्टोसायक्लिन मारा. कागदी लिंबावर हा अंदाज बहुधा बरोबर निघतो, म्हणूनच तो सगळीकडे खपतो. पण विदर्भात संत्र्याच्या कलमांसाठी लावलेल्या जंभेरीच्या रोपांवरही तोच सल्ला दिला जात असेल, तर ते चूक आहे. जंभेरी खपली रोगाला, म्हणजे स्कॅबला, चटकन बळी पडते.

खैऱ्या जिवाणूमुळे होतो, खपली बुरशीमुळे. प्रतिजैविक बुरशीचे काहीच वाकडे करत नाही. कॉपरचा थोडाफार उपयोग होतो आणि श्रेय भलत्याच पुडीला जाते. त्या पुडीतले स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोगावर माणसालाही दिले जाते. ते विनाकारण शेतात फवारणे हा केवळ शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्न नाही.

खरे तर फरक डोळ्यांनाही दिसतो. खैऱ्याचा डाग पानाच्या दोन्ही बाजूंनी फुटतो आणि त्याभोवती पिवळे वलय असते. खपलीत एका बाजूला चामखिळीसारखा उंचवटा येतो, त्याच जागी दुसऱ्या बाजूला खळगा पडतो आणि पान वेडेवाकडे होते. फळावर मात्र गोंधळ वाढतो. फुलकिडे, कोळी, फांदीचे घर्षण, सगळ्यांचेच ओरखडे शेवटी खपलीसारखे दिसू लागतात.

त्यात खपलीही एक नाही. 'एल्सिनोई फॉसेटाय' ही बुरशी पाने, कोवळ्या फांद्या आणि फळे अशा सगळ्यांवर येते. 'एल्सिनोई ऑस्ट्रेलिस' मुख्यतः फळांवर, त्यातही मोसंबी-संत्र्यावर. पाने बहुधा स्वच्छ राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली या दोघी जुळ्या बहिणी. 2010 मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये ऑस्ट्रेलिस सापडली. तोवर ती प्रामुख्याने दक्षिण अमेरिकेतली मानली जाई. तिची खात्री डीएनए तपासणीनेच करावी लागली आणि पुढे बाधित भागांतून फळे बाहेर नेण्यावर निर्बंध आले. खपली सालीपुरतीच असते, आतला गर खायला काही हरकत नाही. तरी बाजार सालीवरच भाव ठरवतो.

वेळेचे गणितही रोगाच्या ओळखीवरच अवलंबून आहे. खपलीचे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात आणि फक्त कोवळ्या पेशींना धरतात. फुलांच्या पाकळ्या गळल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी फळ त्यांच्या तावडीतून सुटते. मृग बहराची फळे नेमकी पावसात कोवळी असतात. मोठ्या फळावर खपली दिसल्यावर मारलेले बुरशीनाशक म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला बँड.

लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहे. रोपवाटिकेतली चार पाने तिथवर पोचवण्याची सोय तालुका पातळीवर व्हायला हवी आणि तपासणीच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकाची पुडी दुकानातून विकली जाऊ नये. दुकानदार कुरकुरतील. कुरकुरू द्यावे.