नगराचा कारभार : एक उपेक्षित राष्ट्रकार्य

बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून मुलांच्या भवितव्याची चर्चा रंगू लागते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, संगणक, परदेश. फार तर जिल्हाधिकारी होण्याचे स्वप्न पाहिले जाते. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी व्हायचे आहे, असे सांगणारा तरुण विरळाच. त्याच घरांतून तुंबलेल्या गटारांवरून आणि दिवसाआड येणाऱ्या पाण्यावरून पालिकेच्या नावाने बोटे मोडली जातात. ही विसंगती ध्यानात कधी येणार?

नगरव्यवस्थापन हा विषय भारताला पाश्चात्त्यांनी शिकवलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘नागरिक’ हे नगराच्या प्रमुख अधिकाऱ्याचे पदनाम आहे. रस्त्यावर केरकचरा टाकणाऱ्यास दंड, आगीच्या निवारणासाठी पाण्याने भरलेली भांडी, अशी बारीकसारीक व्यवस्था तेथे सांगितली आहे. ज्या शब्दात मूळचे दायित्व होते, त्यात आज केवळ हक्कच उरावेत, हा शब्दार्थाचा नव्हे, वृत्तीचा पालट आहे.

एक कर्तबगार अधिकारी काय करू शकतो, हे सुरतेने दाखवून दिले. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भयाने लक्षावधी लोकांनी ते शहर सोडले. 1995 मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी विभागीय अधिकाऱ्यांना अधिकार दिले, सर्वांना रोज सकाळी प्रत्यक्ष रस्त्यावर उतरवले आणि अतिक्रमणे हटविताना धनवान-गरीब असा भेद केला नाही. शहर तेच, कर्मचारी तेच. परंतु दोन वर्षांच्या आत सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली.

महानगरांचे आयुक्तपद सहसा भारतीय प्रशासन सेवेकडे असते. नगरपरिषदेचे मुख्याधिकारीपद मात्र राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून कोणत्याही शाखेच्या पदवीधरास मिळू शकते. पाणी, घनकचरा, करवसुली, बांधकाम परवानग्या यांचा प्रशासकीय भार त्याच्यावर असतो. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची 45 टक्के लोकसंख्या शहरांत राहते. तिचे दैनंदिन आरोग्य मंत्रालयापेक्षा या खुर्चीवर अधिक अवलंबून आहे.

राजकीय दडपण, ठेकेदारांची साखळी, अवेळी बदल्या, ही भीती खोटी नाही. पण सज्जनांनी पाठ फिरविली म्हणून खुर्ची रिकामी राहत नाही. तेथे दुसरा कोणी बसतो. शिवाय अधिकाऱ्याचा प्रामाणिकपणा एकाकी पडू न देणे हे समाजाचेही काम आहे. अतिक्रमण हटविणाऱ्या अधिकाऱ्याची रातोरात बदली होते, तेव्हा गावातील किती सुशिक्षित रस्त्यावर येतात?

संघाने शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात नागरिक कर्तव्याचा समावेश आहे. वाहतुकीचा नियम पाळणे ही त्याची पहिली पायरी. घरातील एक बुद्धिमान मूल नगराच्या सेवेसाठी देणे आणि त्याच्या पाठीशी ठामपणे उभे राहणे, ही त्यापुढची. संस्कार झालेल्या कुटुंबांनी ती चढायची नाही, तर कोणी?